प्राहाची पाटी

दिवाळीत कराडला घरी गेलो होतो. पाडव्याची दुपार. जेवणं आटोपून घर पेंगुळलं होतं. ताई आतल्या खोलीत आडवी झाली होती, आई उरलेली बासुंदी फ्रिजमध्ये ठेवताना भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून जपत होती आणि बाहेरच्या खोलीत माझा भाचा सोहम लॅपटॉपवर ट्रक चालवत बसला होता. युरो ट्रक सिम्युलेटर २. स्क्रीनवर पाऊस लागला होता, वायपर फिरत होते, आणि ओल्या काचेवर रबर घासल्याचा तो आवाज खोलीभर पसरला होता. त्या आवाजानंच अण्णांना जाग आली असावी. अण्णा म्हणजे माझे वडील. ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी चष्मा चाचपून लावला, खुर्ची पुढे ओढली आणि नातवाच्या खांद्यावरून बघायला लागले.

"दिवे लाव," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"आजोबा, दिवस आहे."

"पाऊस आहे ना? आपल्याला दिसायला नाही लावायचे. समोरच्याला आपण दिसायला लावायचे."

सोहमनं लावले. मग अण्णांचं बारीक बारीक सुरू झालं. पुढच्या गाडीला चिकटू नको. उताराला गिअर खाली घे. सगळी वाहतूक उजव्या बाजूनं चाललेली पाहून ते जरा अस्वस्थ होते; प्रत्येक वळणाला त्यांची मान आपोआप डावीकडे झुकायची. तेवढ्यात गाडी एका निळ्या-हिरव्या पाट्यांच्या चौकात आली. सोहमनं पाटी वाचली, "प्राहा. हे कुठलं गाव आलं आता?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेला. मग स्क्रीन एकदम काळवंडली, पापणी मिटावी तशी, आणि पुन्हा उजाडली. अण्णा दचकले. "काय झालं रे?" सोहम म्हणाला, "ड्रायव्हर दमला, आजोबा. आता कुठेतरी गाडी लावून झोपायला लागतं. नाहीतर डुलकी लागून ठोकतो." अण्णा गप्प झाले. बराच वेळ त्या मिटणाऱ्या-उघडणाऱ्या स्क्रीनकडे बघत राहिले. कराड–मुंबई रात्रीची गाडी त्यांनी किती वर्षं चालवली. खंबाटकीचा घाट उतरताना पहाटे तीन-साडेतीनला डोळ्यांवर काय येतं ते त्यांना वेगळं सांगायला नको. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ज्यानं केलंय, त्याला ठाऊक आहे. कुणी केलंय रे हे?"

"अमेरिकेनं. दुसरं कोण करणार!"

अण्णांनी मान हलवली. मी तिथेच बसलो होतो, हातात चकली होती. मला खरं उत्तर माहीत होतं आणि मी बोललो नाही.

परतीच्या प्रवासात ते मला टोचत राहिलं. केवढी क्षुल्लक गोष्ट, एका पोराला गेम कुठला ते माहीत नाही! पण ज्या पाटीकडे बघून तो पुढे निघून गेला, ती त्या गेमच्या घराचीच पाटी होती. प्राहा म्हणजे प्राग, चेक देशाची राजधानी. हा गेम करणारी एससीएस सॉफ्टवेअर ही कंपनी तिथलीच. २०१२च्या ऑक्टोबरात गेम आला आणि तेव्हापासून ते लोक थांबलेलेच नाहीत. दर एक-दोन वर्षांनी नवा मुलूख जोडतात, नवे रस्ते, नवी गावं. २०२४मध्ये ग्रीस आलं. सगळा युरोप त्यांनी एकास एकोणीस प्रमाणात आखला आहे, त्यामुळे प्रागहून ब्रनो या तिथल्याच दुसऱ्या शहराला जायला, म्हणजे दोनशेएक किलोमीटर, दहा-बारा मिनिटं पुरतात. माझा भाचा कारागिरांच्या दारावरून गेला आणि पाटी वाचूनही त्याला ते दार दिसलं नाही. मी का बोललो नाही, याचा विचार करत खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत आलो तेव्हा उत्तर सापडलं. पंधराव्या वर्षी मीही हेच उत्तर दिलं असतं.

तेव्हा कराडात स्टँडजवळच्या एका गाळ्यात सायबर कॅफे होता. तासाला १५ रुपये. प्लायवूडचे कप्पे, फाटलेल्या रेक्झिनच्या खुर्च्या, बंद काचांच्या आत कोंडलेला घामाचा आणि गरम प्लास्टिकचा वास. इंटरनेट हे नुसतं निमित्त. मालकाकडे मार्करनं नावं लिहिलेल्या सीड्यांचा डबा होता आणि त्या डब्यातले गेम प्रत्येक मशीनवर टाकलेले असायचे. आयजीआय सगळ्यांच्या तोंडात. त्याखालोखाल एटीन व्हील्स ऑफ स्टील आणि माफिया. एटीन व्हील्समध्ये मी अमेरिका पालथी घातली. अण्णा रात्री खरी गाडी घेऊन मुंबईला जायचे आणि मी संध्याकाळी १५ रुपयांत चौदा-अठरा चाकी ट्रेलर घेऊन वाळवंटातून जायचो. घरी आल्यावर अण्णांना सांगायचो, अमेरिकेत रस्ते कसे सरळसोट असतात. ते ऐकून घ्यायचे. त्या गेमवर अमेरिकन झेंडा होता, अमेरिकन शहरं होती, अमेरिकन ट्रक होते, आणि तो प्रागच्या त्याच कंपनीनं केला होता. माफियातलं १९३० सालचं अमेरिकन शहर ब्रनोच्या इल्युजन सॉफ्टवर्क्सनं उभं केलं होतं. आणि ज्याच्यासाठी रांग लागायची तो आयजीआय? तो नॉर्वेतल्या ऑस्लोचा! आमच्या कॅफेतला सगळा 'अमेरिकन' माल असा छोट्या छोट्या देशांतून आलेला होता.

माफिया मला अजून आठवतो तो त्याच्या सावकाशपणामुळे. २००२चा गेम. बाकीच्या गेममध्ये गाडी हातात आली की माणसं उडवत सुटायचं, आणि इथे वेग जास्त झाला की पोलीस थांबवून पावती फाडायचे. सिग्नल तोडला तरी पावती. गाड्या जड, चढावर धापा टाकणाऱ्या. मला तो वेग ओळखीचा वाटायचा, कारण मी ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला नाक लावून प्रवास करत वाढलो होतो. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक टप्पा होता, जीवघेणा अवघड. आमच्यातला एकजण सलग चार दिवस पैसे भरून हरला. पाचव्या दिवशी जिंकला तेव्हा कॅफेतली सगळी पोरं आपापले मिनिट मोजणारे पडदे सोडून त्याच्या कप्प्यामागे उभी होती. ब्रनोतल्या कुणीतरी बसून त्या गाडीचं वजन ठरवलं होतं, ती वळणावर किती घसरेल ते ठरवलं होतं, आणि इकडे कराडात आमचे तळहात घामेजले होते. मधली दोरी आम्हाला दिसत नव्हती, एवढंच.

ब्रनो! हे नाव तरी परकं होतं का? आमच्या मामांच्या शेतावर झेटर ट्रॅक्टर होता. एचएमटीनं झेटरच्या सहकार्यानं आपल्याकडे आणलेला, आणि गावात सगळे त्याला नुसतं 'झेटर'च म्हणायचे. तो झेटर ब्रनोचा. अण्णांकडे येझदी होती. तिच्या आधीची जावा, आणि जावा प्रागची. म्हैसूरच्या कारखान्यात ती बनू लागली आणि पुढे येझदी झाली. किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, ही तिची खूण. पायातली बाटा तर आपण भारतीयच समजतो. ती त्याच देशातल्या झ्लिन नावाच्या गावातल्या चांभारांच्या घराण्याची. एक कोटी नऊ लाखांच्या आसपास वस्तीचा देश. एकट्या मुंबईत त्याहून जास्त माणसं राहतात. तो देश आमच्या पायात होता, शेतात होता, अंगणात पेट्रोलचा वास सोडत उभा होता, आणि पुढे सायबर कॅफेत आला. कुठेच त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

त्या देशात गेम कसे सुरू झाले हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी त्याचाच विचार करतो. १९८०चं दशक. चेक आणि स्लोव्हाक तेव्हा एकाच देशात, कम्युनिस्ट राजवटीखाली. गेम विकणारं दुकान नाही, गेम करणारी कंपनी नाही. रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा ब्रिटिश कॉम्प्युटर कुणाचा तरी काका पश्चिमेकडून येताना सामानात घालून आणायचा. गेम यायचे ते साध्या ऑडिओ कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावायचा, दातांवर शहारा आणणारी किर्र शीळ काही मिनिटं ऐकायची आणि शेवटी पडद्यावर चित्र यायचं. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर, मित्राकडून मित्राकडे, गावोगाव. चोरीचाच माल म्हणायचा, पण विकत मिळण्याची सोय नसेल तर चोरी तरी कशी म्हणायची? सैन्याला पूरक म्हणून काढलेली स्वाझार्म नावाची एक संघटना होती. तिच्या छत्राखाली हॅम रेडिओचे, विमानांच्या प्रतिकृतींचे क्लब चालायचे, तसेच कॉम्प्युटरचेही. पोरं तिथे जमायची. आणि नुसती खेळून थांबली नाहीत.

त्यांनी टेक्स्टोव्का लिहायला घेतल्या. म्हणजे नुसत्या शब्दांचे गेम. तू एका खोलीत आहेस. उत्तरेला दार आहे. जमिनीवर कुऱ्हाड पडली आहे. तू काय करतोस? खेळणाऱ्यानं उत्तर निवडायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. याला चित्रकार लागत नाही, संगीतकार लागत नाही, भांडवल लागत नाही, भाषा लागते. फ्रांतिशेक फुका नावाच्या शाळकरी मुलानं १९८५मध्ये सिनेमातल्या टोपीवाल्या इंडियाना जोन्सला नायक करून असा एक गेम लिहिला आणि मग त्या टोपीवाल्याला घेऊन इतरांनीही लिहिले. विकत कुणी घेणारच नव्हतं, त्यामुळे जगाला काय समजेल याची काळजी नव्हती. आपल्या मित्रांना हसू येईल, आपल्या मास्तरांची नक्कल ओळखू येईल, एवढं पुरे. बाजार नव्हता म्हणून ते गेम त्यांच्या भाषेत झाले, असं मला राहून राहून वाटतं.

त्यातला एक गेम मी इंग्रजी भाषांतरातून वाचला, खेळला म्हणण्यापेक्षा वाचलाच. त्याच्या नावातच जागा आणि तारीख आहे: प्रागचा वेन्सेस्लास चौक, १६ जानेवारी १९८९. वीस वर्षांपूर्वी, १९६९च्या त्याच तारखेला, यान पालाख या विद्यार्थ्यानं सोव्हिएत सैन्य देशात घुसल्यानंतर पसरलेल्या मुर्दाडपणाविरुद्ध त्या चौकात स्वतःला पेटवून घेतलं होतं. १९८९च्या त्या आठवड्यात लोक त्याच्या आठवणीसाठी चौकात जमले आणि पोलिसांनी लाठ्या आणि पाण्याचे फवारे चालवले. आणि कुणीतरी, नाव न लावता, त्यावर गेम लिहिला. तोच टोपीवाला नायक चौकात सापडलाय, सगळीकडे पोलीस आहेत, बाहेर पडायचं आहे. बहुतेक वाटा लाठीखाली संपतात. पडद्यावर एकही चित्र नाही. काळ्या पाटीवरची अक्षरं आणि त्या अक्षरांत कुणाचा तरी दाबून धरलेला राग. टेपवरून टेपवर तो फिरला. त्याच नोव्हेंबरात राजवट कोसळली. लिहिणारा कोण, ते आजही उघड झालेलं नाही.

मला त्यातली एक बारीक गोष्ट लागली. चेक अक्षरांवर टोप्या असतात, तिरक्या रेघा असतात. त्या नसतील तर शब्दाचा उच्चार बदलतो. स्पेक्ट्रमवर ती चिन्हं नव्हती. मग पोरांनी चिन्हांशिवाय लिहिलं. बोडक्या अक्षरांत, पण लिहिलं.

हे वाचलं आणि मला अकरावीची सुट्टी आठवली. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी टर्बो सी या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गेम करायला घेतला होता. असाच, शब्दांचा. मुक्कामी गाडीचा कंडक्टर व्हायचं. पाटणच्या पलीकडे शेवटच्या गावात गाडी मुक्कामाला न्यायची. तिकिटाचे सुटे नाहीत, टपावर बकरी चढवलीय, एक म्हातारी स्टॉप नसलेल्या ठिकाणी उतरायचं म्हणतेय, पुलावर पाणी आलंय. एक घंटी की दोन घंट्या? एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. सगळं मी अण्णांकडून ऐकलेलं होतं. वहीची अकरा पानं भरली. मग मशीनवर बसलो आणि लक्षात आलं की निळ्या पडद्यावर देवनागरी उमटतच नाही. रोमनमध्ये लिहून पाहिलं. 'म्हातारी म्हणते, थांबव रे बाबा' हे इंग्रजी अक्षरांत उमटलेलं बघून मला कसनुसं झालं, आपलंच कुणी बाहेरच्या माणसाचे कपडे घालून आल्यासारखं. इंग्रजीत केला तर त्या म्हातारीचं काय करायचं ते कळेना. आम्ही तो सोडून दिला. मला वाटायचं, आमच्याकडे साधन नव्हतं म्हणून झालं नाही. आता त्या बोडक्या अक्षरांसमोर ते कारण टिकत नाही. ती वही पुढे रद्दीत गेली. अण्णांना मी ती कधी दाखवली नव्हती.

राजवट गेली, बाजार आला, आणि चेक गेम बाहेर पडले ते मात्र वेषांतर करूनच. विकायचं तर अमेरिकनांना, मग शहर अमेरिकन हवं, सैनिक अमेरिकन हवा. मारेक आणि ओंद्रेय श्पानेल या भावांच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनं २००१मध्ये ऑपरेशन फ्लॅशपॉइंट आणला, त्यात अमेरिकन सैनिक सोव्हिएत फौजेशी लढतो. पण हळूहळू त्यांना आपली माती घालायचा मोह आवरला नाही. त्यांच्याच २००९च्या आर्मा २ मध्ये चेर्नारुस नावाचा एक खोटा देश आहे. तो खरा उत्तर बोहेमियातला, उस्ती नाद लाबेमच्या परिसरातला मुलूख. २२५ चौरस किलोमीटर, तेच डोंगर, त्याच झाडीतून जाणाऱ्या वाटा. फक्त एक फरक. खऱ्या चेक देशाला समुद्र नाही, म्हणून गेममध्ये एका बाजूला त्यांनी समुद्र घातला. मी त्या किनाऱ्यावरून चाललो आहे. पाठीशी शांत हिरवे डोंगर आणि समोर, खऱ्या जगात कधीच नसलेलं पाणी. ज्यानं तो किनारा आखला त्याला समुद्राची किती ओढ असेल, असं त्या वेळी वाटलं होतं.

आणि मग ती वाट थेट आमच्या गावात आली. चेर्नारुसवर डेझी हा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून केलेला नवा खेळ, आला. त्यावरून ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं 'शेवटी एकच जिवंत' असा बॅटल रॉयल मॉड बांधला, आणि पुढे त्याच कल्पनेतून पबजी झाला. २०२०च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत आमच्याकडे रात्री जेवणानंतर पारावर जे निळसर चेहरे दिसायचे, मोबाइलमध्ये खुपसलेले, "मागं घर आहे, मागं घर आहे" म्हणून ओरडणारे, त्या खेळाचं मूळ त्या बोहेमियन डोंगरात आहे. आज्ज्या त्या खेळाला शिव्या घालायच्या. गेम कोरियाचा, असं पोरं म्हणायची. डोंगराचं नाव कुणी घेतलं नाही.

माझ्यावर त्या देशाचं एक देणंही आहे. कॉलेजात असताना, २०१०मध्ये, हॉस्टेलवर एका पेनड्राइव्हमधून मला मशिनेरियम मिळाला. गंजलेल्या पत्र्याचं शहर, त्यात एक छोटा रोबो, शरीर लांब-आखूड करणारा. एक शब्दही नाही. त्याला काही आठवलं की डोक्यावर फुगा येतो आणि फुग्यात पेन्सिलीनं काढल्यासारखं हलतं चित्र. तोमाश द्वोर्झाकचं संगीत इतकं ओलं, इतकं एकाकी, की मी रात्री कोडं सुटलं तरी पुढे न जाता तिथेच उभा राहून ऐकायचो. त्या रोबोचं नाव योसेफ. 'रोबो' हा शब्द ज्याला सुचला त्या योसेफ चापेकवरून. मूळ चेक शब्द रोबोता, म्हणजे वेठ. नंतर कळलं की याकुब द्वोर्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, सातजणांनी, तीन वर्षं स्वतःची बचत घालून तो केला होता. आणि २०१०च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं होतं की खेळणाऱ्यांपैकी फार तर ५ ते १५ टक्के लोकांनी पैसे दिले असावेत; ज्यांनी फुकट घेतला त्यांनी आता ५ डॉलरला घ्यावा, राग नाही. ती माफी माझ्यासाठी होती. मला ती सहा वर्षांनी वाचायला मिळाली. मी तेव्हा गेम विकत घेतला, पूर्ण किमतीला, आणि तरी हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं नाही. त्यांच्या आधीची पिढी कॅसेट नकलून शिकली, मीही नकललेल्यावरच वाढलो. पण त्यांनी नकलता नकलता आपलं लिहिलं.

भाषा मात्र त्यांनाही सहज परत मिळाली नाही, हे मला विसरायचं नाही. वारहॉर्स या प्रागच्या स्टुडिओनं, माफियावाल्या डॅनिएल वाव्रानं, २०१४मध्ये लोकवर्गणी काढून किंगडम कम: डिलिव्हरन्स सुरू केला. जादू नाही, राक्षस नाहीत. १४०३ सालचा बोहेमिया, साझावा नदीचं खोरं, चांदीच्या खाणीचं जाळलेलं गाव आणि एका लोहाराचा पोर. त्या पोराला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पानावरची अक्षरं उलटसुलट झालेली दिसतात, आणि लेखनिकाकडे जाऊन शिकल्याशिवाय ती जागेवर येत नाहीत. किती मायेनं घातलंय ते! आणि २०१८मध्ये गेम आला तेव्हा आपल्याच खोऱ्यातून चालणारा तो पोर इंग्रजी बोलत होता. चेक मिळाली ती खाली लिहिलेल्या ओळींत. माफियाला चेक आवाज होते आणि त्या आवाजांवर तिकडचे लोक अजून जीव टाकतात. आणि स्वतःच्या इतिहासाच्या गेमला नव्हते. आवाजाला पैसा लागतो, आणि एक कोटीच्या भाषेसाठी तो घालायचा का, हा हिशेब कुणीतरी मांडलाच असणार. चाहत्यांना ते सहन झालं नाही, त्यांनी वर्गणी काढून चेक आवाज करायला घेतले. २०२५च्या फेब्रुवारीत दुसरा भाग आला तेव्हा तो पहिल्या दिवसापासून चेक बोलत होता. लोहाराचा पोर हेन्री होता, तो आपल्या घरी यिंद्रा झाला.

मराठी बोलणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त. पुण्यात मोठ्या परदेशी गेमवर काम करणारी माणसं आहेत, हुशार आहेत, रात्री जागून काम करतात. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं राजी हा गेम केला. त्यांची लोकवर्गणी २०१७मध्ये फसली, तरी त्यांनी तो नेटानं पुरा केला आणि २०२०मध्ये तो जगभर गेला. पहाडी चित्रांसारखे रंग, राजस्थानी वाड्यांसारखे सज्जे. मला तो फार आवडला आणि खेळताना घशाशी काही अडकत राहिलं. शहर पुणं, आणि तेव्हा कानावर इंग्रजी. दोष त्यांना कसा देऊ? मी स्वतः अकरा पानांत थांबलो होतो.

तुळशीच्या लग्नाला पुन्हा कराडला गेलो. सोहम तिथेच होता. या वेळी मी शेजारी खुर्ची ओढली आणि सांगितलं, की तो गेम अमेरिकेचा नाही, त्या प्राहाच्या पाटीमागच्या गावाचा आहे. सोहम "बरं" म्हणाला. अण्णा मात्र सरसावून बसले. "म्हणजे जावावाले?" मी म्हटलं, हो, तेच. आणि ते ब्रनो म्हणजे मामांचा झेटर. अण्णा हसले नाहीत. मान डोलावत म्हणाले, "मग बरोबर. ती माणसं गाडी जाणतात." मग येझदीच्या दांड्याचं वर्णन नातवाला पंधरा मिनिटं ऐकावं लागलं, आणि त्यानं ते मन लावून ऐकलं.

मग सोहम म्हणाला, "आजोबा, तुम्हाला एक दाखवतो." आपल्याकडची काही मुलं एसटी बनवून असल्या गेममध्ये घालतात, पैसे नाहीत, नाव नाही, एकमेकांना देतात. त्यानं तसली एक लालपरी कुणाकडून तरी मिळवली होती. ती पडद्यावर उभी राहिली तेव्हा अण्णा उठून अगदी जवळ गेले. पत्र्याचे खिळे बघितले. आरसे बघितले. पुढच्या काचेवरची पाटी मोठ्यानं वाचली. "कराड–स्वारगेट." देवनागरी, स्वच्छ. "कुणी काढलंय हे?" सोहम म्हणाला, "माहीत नाही. असेल आपल्यातलाच कुणी."

गाडी ब्रनोहून निघाली होती. स्टिअरिंग उजव्या हाताला आणि रस्ता उजव्या बाजूचा, त्यामुळे पुढे काढताना काहीच दिसेना. अण्णा म्हणाले, "तिला हा रस्ता नाही मानवत. आपल्या बाजूचा रस्ता नाही का कुठे?" सोहमनं नकाशा उघडला. मग प्राहाच्या पाटीखालून, जर्मनीतून, कॅलेपर्यंत, बोटीतून इंग्लंडातलं डोव्हर. संध्याकाळ झाली, आईनं अंगणात तुळशीपाशी दिवा लावला, आत या दोघांचं चालूच. बोटीतून लालपरी उतरली आणि रस्ता डावीकडे आला. अण्णांचे खांदे सैल पडलेले मला मागून दिसले.

शेवटी गाडी एका आवारात मागे घेऊन लावायची होती. सोहमला ते कधी जमत नाही. तो बटण दाबून तेवढं टाळतो. अण्णा म्हणाले, "टाळू नको. मी आहे मागं." ते स्क्रीनच्या बाजूला उभे राहिले, जसा कंडक्टर गाडीच्या मागे उभा राहतो, आणि एक हात हलवायला लागले. "येऊ दे. येऊ दे. थोडी ड्रायव्हर साइडला. येऊ दे, येऊ दे..." मग बोटाच्या पेरानं टेबलावर एकदा ठोकलं.

सोहमनं ब्रेक दाबला.